चार्ज करण्याआधी

आमच्या वस्तीतल्या बायका संध्याकाळी फिरायला जातात. निवृत्त झाल्यावर मीही त्यांच्यात जाऊ लागले. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "मेश्राम बाई, तुम्ही लाइटच्या ऑफिसात नेमकं काय करत होत्या जी?" मी म्हटलं, "लाइन चार्ज करत होते." ती म्हणाली, "म्हणजे बिलात जास्तीचे चार्ज लावणाऱ्या तुम्हीच होय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. विजेच्या खात्यात नोकरी केलेल्या माणसाला बिलावरून चार शब्द ऐकून घ्यावेच लागतात, निवृत्तीनंतरही.

तसं पाहिलं तर या इंग्रजी शब्दानं आमच्या नागपुरात चांगलंच बस्तान बसवलं आहे. बर्डीच्या बाजारातला ठेलेवाला "दिवसभर चार्ज टिकते" म्हणून पॉवर बँक गळ्यात मारतो. ऑटोवाला सामान पाहून वेगळा चार्ज सांगतो. हिवाळी अधिवेशन आलं की मोर्चा निघतो आणि कधीमधी लाठीचार्जही होतो. नवा साहेब येतो तो आधी चार्ज घेतो आणि मग चहा घेतो. पोलीस चार्जशीट लावतात. आमचे जावई दुपारची झोप काढून उठले की "आता चार्ज झालो" म्हणतात. कशासाठी झाले ते मात्र आजवर कुणाला कळलेलं नाही.

माझ्या नोकरीत हा शब्द असा ऐसपैस नव्हता. तिथं त्याचा एकच अर्थ होता, आणि त्यात चूक झाली तर माणूस जायचा. या अंकाच्या संपादकांनी "हलकंफुलकं लिहा" असं बजावलं होतं. सुरुवात मी तशी केली आहे, पुढचं माझ्या हातात नाही.

सबस्टेशन तुम्ही रस्त्यानं जाताना पाहिलं असेल. जाळीचं कुंपण, आत पसरलेली गिट्टी, घूं घूं करणारा ट्रान्सफॉर्मर आणि कोपऱ्यात एक खोली. त्या खोलीत बसणारी ऑपरेटर म्हणजे मी. लांबून मोठ्या दाबाची वीज येते, ट्रान्सफॉर्मर तो दाब कमी करतो, आणि तिथून गावागावांकडे लाइनी निघतात. अशा एकेका लाइनीला आम्ही फीडर म्हणतो. प्रत्येक फीडरचं खोलीत एक लोखंडी कपाट असतं आणि त्यात ब्रेकर असतो, म्हणजे घरातल्या बटनाचा आजोबाच. तो उघडला की त्या फीडरवरची सगळी गावं बंद. तो लावून लाइनीत पुन्हा वीज सोडायची, त्याला म्हणायचं लाइन चार्ज करणं. हात फिरवण्याचं काम आहे, ताकद लागत नाही. लोकांनाही तेवढंच दिसतं, म्हणून ते म्हणतात, बटनच तर दाबायचं आहे.

पण बटनाच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. लाइनीवर काम करायचं असलं की लाइनमन ऑपरेटरकडून परमिट घेतो. तो सांगतो, "मॅडम, अमक्या फीडरवर चढून राहिलो." मी फीडर बंद करते, तारा जमिनीला जोडते, म्हणजे अर्थिंग करते, आणि ब्रेकरला "माणसं काम करत आहेत" अशी लाल पाटी अडकवते. तिथून पुढं ती लाइन त्याची. तो परमिट परत करत नाही तोवर मंत्री आला तरी मी ब्रेकरला हात लावायचा नाही.

हे सगळं मी हिंगण्याच्या बाजूला शिकले, कारखान्यांना वीज देणाऱ्या एका सबस्टेशनात. मला शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरला आम्ही सगळे दादा म्हणायचो. शांत माणूस, डबा उघडला की आधी दुसऱ्याला देणारा. एक दिवस माझ्यासमोर त्यांनी एक फीडर चार्ज केला. परमिट रीतसर परत आलं होतं. लाइनमनच्या गँगच्या मुख्य माणसानं फोनवर सांगितलं होतं की सगळे उतरले, आणि त्याला खरोखर तसंच वाटत होतं. पण त्यातला एक जण वर राहिलेली पकड आणायला पुन्हा खांबावर चढला होता. ब्रेकर लागला आणि लगेच धाडकन पडला, म्हणजे आपोआप उघडला. दादा म्हणाले, "फांदी लागली असंल." थोड्या वेळानं फोन वाजला. दादांनी तो कानाला लावला आणि माझ्या हातात दिला.

चौकशीत दादांची काही चूक निघाली नाही, कारण चूक नव्हतीच. तरी त्यानंतर ते ब्रेकरकडे जाताना हात पँटला पुसत राहायचे. कोरडा ठणठणीत हात, पण पुसायचे. मला ते बघवत नसे.

मी स्वतंत्र ड्यूटी करू लागले तेव्हा माझा एक वेगळा कायदा केला. गँगमधल्या एकानं सगळ्यांच्या वतीनं परमिट परत करायचं नाही. जेवढे वर गेले तेवढ्यांनी, प्रत्येकानं, फोनवर स्वतःच्या तोंडानं आपलं नाव सांगायचं आणि म्हणायचं, "मी खाली आहो." हे कुठल्या नियमात नव्हतं. पुढं माझी बदली पारशिवनीकडच्या एका सबस्टेशनात झाली, तिथंही मी हेच चालवलं. लाइनमन लोक त्याला 'मॅडमची हजेरी' म्हणायचे. तिथला भोयर नावाचा लाइनमन मोठा तोंडाळ. तो म्हणायचा, "मॅडम, लग्नात बी इतक्या जणायले विचारत नाहीत." मी म्हणायचे, "लग्नात चुकलं तर माणूस जिवंत राहते, गा." तो हसायचा, पण फोन शेजारच्याच्या हातात द्यायचा.

आता त्या दिवसाचं सांगते.

मे महिना होता. आदल्या रात्री वादळ सुटलं आणि एका मोहाच्या झाडाची मोठी फांदी लाइनीवर आली. तारा तुटल्या, पाच-सहा गावं रात्रीपासून बंद. सकाळी भोयरनं परमिट घेतलं. त्याच्यासोबत उईके, राऊत आणि नेवारे. नेवारे कंत्राटी होता, चढण्यात सगळ्यांत तयार, बोलण्यात सगळ्यांत कमी. त्याच्या गालात कायम खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. आमच्याकडे तो कुणाला समजावावाही लागत नाही.

दुपारपर्यंत उन्हानं गिट्टी भाजून निघाली. खोलीतला फोन खाली ठेवायला सवड नव्हती. मग हळूहळू फोन कमी झाले. मला वाटलं लोक थकले; पण कारण वेगळं होतं. रात्रीपासून लाइट नाही म्हटल्यावर मोबाइल चार्ज कुठं करणार? गावातले फोन एकेक करून मिटत गेले होते.

उन्हं थोडी कलली आणि भोयरचा फोन आला. "मॅडम, झालं काम. अर्थिंगचे रॉड काढले. सगळे खाली. करा चार्ज."

"हजेरी दे."

"मी भोयर, खाली आहो." मग उईके बोलला, मग राऊत बोलला. मग नुसता वारा ऐकू आला.

"नेवारे?"

"नेवारेले नाल्याच्या पल्याड पाठवलं होतं, मॅडम. तिकडच्या खांबावर. त्याचं काम कवाचंच झालं असंल."

"दिसून राहिला का तुले?"

"झाडं हायेत मधात."

"मग 'असंल' नको सांगू मले. त्याचा आवाज दे."

नेवारेचा मोबाइल बंद लागत होता. भोयर उईकेला घेऊन नाल्याकडे निघाला, आणि मी ब्रेकरसमोर खुर्ची ओढून बसले. लाल पाटी माझ्या डोळ्यांसमोर लटकत होती.

तेवढ्यात फाटकाशी माणसं जमली. आरडाओरडा नेहमीचाच, मी त्याला सरावले होते. पण त्यांच्यातून एक बाई पुढं आली, फाटक लोटून थेट माझ्या खिडकीशी. हिला मी ओळखत होते. सुलोचनाबाई, बाजूच्याच गावातली. सबस्टेशनाच्या भिंतीला लागून तिचं वांग्या-टमाट्याचं दुकान लागायचं, बाजाराच्या दिवशी मी तिच्याकडूनच भाजी घ्यायचे. तिच्या नवऱ्याची फुप्फुसं गेलेली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं आणि ते विजेवर चालायचं.

"बाई," तिनं खिडकीचे गज धरले, "मशीन रातीपासून बंद हाय वं. सिलिंडरवर ठेवलं त्यायले. ते बी आता संपून राहिलं. लाव नं वं लाइन."

मी म्हटलं, "काकू, काम झालं आहे. पण एक माणूस सापडून नाही राहिला. तो तारेवर असंल आणि मी लाइन सोडली, तर जागेवर जाईल."

"असंल म्हणते तू." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तो असंल. माहा माणूस तं हायेच नं घरी."

 

मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. गाडी दुसऱ्या गावाला गेलेली होती, यायला वेळ लागणार होता. मी खिडकीतून ओरडून विचारलं, "कोणाकडे गाडी आहे? यांच्या माणसाला सरकारी दवाखान्यात घेऊन जा, तिथं जनरेटर आहे." गर्दीतला एक जण टेम्पो आणायला पळाला. पण सुलोचनाबाई खिडकी सोडेना. ती म्हणत होती, हलवलं तर तो रस्त्यात टिकायचा नाही, लाइन आली की मशीन लागेल, मशीन लागलं की झालं. तिचंही चुकत नव्हतं.

इकडे साहेबांचा फोन आला. आमचे इंजिनियर, भला माणूस, पण त्यांच्यावरही वरून फोन चालू होते. "मेश्राम मॅडम, भोयरनं परमिट परत केलं ना? मग चार्ज का करत नाही?"

"चौघं गेले होते साहेब. तिघांचेच आवाज आले."

"परमिट ज्यानं घेतलं त्यानं परत केलं. नियमानं तुमची जबाबदारी संपली. लोक मला खाऊन राहिले. पेशंट आहे म्हणतात तिथं."

"पेशंटची बायको माझ्यासमोर उभी आहे," मी म्हटलं. "साहेब, असं करा, तुम्ही या. माझ्याकडून शिफ्टचा चार्ज घ्या आणि तुमच्या हातानं लाइन चार्ज करा. मी बाजूला होते."

 ते म्हणाले, "बघा तुम्ही." तो चार्ज त्यांनाही नको होता. त्यांना मी दोष देत नाही. मलाही नको होता, पण मी तिथं बसले होते.

भोयरचा फोन पुन्हा आला तेव्हा त्याला धाप लागली होती. "मॅडम, खांबाखाली त्याची थैली हाय. दोरी हाय. नेवारे नाही."

"पुढच्या खांबावर?"

"पुढं वळण हाय. तिकडं बी फांदी अडकली होती काल. गेला असंल काढाले. उईके पाहून राहिला."

भोयर मोठ्यानं बोलत होता, खिडकीत सुलोचनाबाईनं हे सगळं ऐकलं. मला वाटलं आता ती समजेल. ती म्हणाली, "थैली हाय म्हणजे माणूस खालीच हाय नं वं. वर जाणारा दोरी घेऊन जाईन." तिचा तर्क बिनचूक होता, आणि मी तो मानून हात पुढंही केला असता. पण नेवारेला मी बिनदोरीचा चढताना पाहिलं होतं. त्यावरून त्याला झापलंही होतं. तो नुसता हसला होता, गाल एका बाजूला फुगवून.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "बाईमाणूस बसवली तं असंच होईन!" दुसरा म्हणाला, "आपणच दाबू चला." एक जण खोलीच्या पायरीपर्यंत आलाही. मी उठले आणि ब्रेकरच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिले. मी म्हटलं, "ये. दाब. पण आधी माझ्याकडं बघून सांग, नेवारे खाली आहे म्हणून." तो पायरीवर थांबला आणि मग गर्दीत मागं सरकला. तोंड वाजवणं सोपं असतं.

टेम्पो आला. सुलोचनाबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तिनं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं पदर खोचला आणि ती टेम्पोकडे पळाली.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. भिंतीवर घड्याळ होतं, पण माझी नजर पाटीवरून हटत नव्हती. शेवटी फोन वाजला आणि पलीकडून एक जड, भरलेल्या तोंडाचा आवाज आला. "मॅडम, मी नेवारे. मी खाली आहो."

"कुठी मेला होता गा?"

तो थुंकला असावा, कारण पुढचं स्पष्ट आलं. "खर्रा संपला होता, मॅडम. रस्त्यानं एक जण मोटरसायकलवर जात होता, त्याच्या मागं बसून पुढच्या गावी गेलो. आणून वापस आलो. मले वाटलं भोयरदादाले ठाऊक हाय."

मी चौघांची हजेरी पुन्हा घेतली. नेवारेचीही. पाटी काढली, अर्थिंग काढलं आणि फीडर चार्ज केला. ब्रेकर लागला आणि टिकला. फाटकाबाहेर "आली, आली" असा गलका झाला, गावातून पोरांच्या आरोळ्या ऐकू आल्या, कुणाची तरी पाण्याची मोटार सुरू झाली. मी खुर्चीत बसले आणि पाहिलं, तर माझाच हात मी पदराला पुसत होते.

सुलोचनाबाईचा नवरा रस्त्यातच गेला. दवाखाना दिसू लागला होता म्हणतात. डॉक्टर म्हणाले, त्यांचं तसंही फार उरलं नव्हतं. लाइन वेळेवर आली असती तर ते वाचले असते का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गावानं माझी तक्रार केली. मला ऑफिसातून कागद आला, त्यालाही आमच्याकडे चार्जशीटच म्हणतात. परमिट परत आल्यावर फीडर का थांबवला, याचा खुलासा करायचा होता. साहेब माझ्या बाजूनं बोलले, शेवटी नुसत्या ताकिदीवर भागलं. नेवारे मला भेटायला आला आणि दाराशी मान खाली घालून उभा राहिला. मी त्याला इतकं बोलले की मलाच धाप लागली. त्यानं खर्रा सोडला असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण त्यानं सोडला नाही. एवढंच की जाताना सांगून जाऊ लागला.

पुन्हा तशी वेळ आली असती तर मी पुन्हा थांबले असते. ही फुशारकी नाही. एका बाजूला दादांचे हात होते आणि दुसऱ्या बाजूला सुलोचनाबाईचे, खिडकीचे गज धरलेले. रात्री डोळा लागायचा नाही तेव्हा दोन्ही दिसायचे. नवरा समजूत काढायचा की तू बरोबर होतीस. मला त्याचा राग यायचा.

सुलोचनाबाई भाजीच्या दुकानाला येईनाशी झाली. पावसाळा उलटल्यावर एका दुपारी ती सबस्टेशनाच्या फाटकाशी दिसली. मी तिला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली. मशीन कुणाला तरी देऊन टाकलं म्हणाली, घरात पाहवत नव्हतं. मग बराच वेळ ती त्या लोखंडी कपाटाकडे पाहत राहिली.

"बाई," तिनं विचारलं, "खरं सांगजो वं. तो माणूस खांबावर होता का?"

तिला सगळं माहीत असणार हे मला कळत होतं. एवढ्याशा गावात अशी गोष्ट लपत नाही. तरी ती मुद्दाम विचारायला आली होती, म्हणून मला वाटलं, तिला माझ्या तोंडून खरं हवं आहे, आणि तेवढा तिचा हक्क आहे. मी म्हटलं, "नाही काकू. तो खाली होता. खर्रा आणायला गेला होता."

तिनं मान हलवली. हलवतच राहिली.

"गावात बी तेच म्हणून राहिले," ती म्हणाली. "मले वाटलं, तू तरी म्हणशील, वर होता म्हणून."

पदरानं तोंड पुसून ती उठली. मी फाटकापर्यंत तिच्या मागं गेले. त्याच्यापुढं मला जाता आलं नाही, मी ड्यूटीवर होते.